मर : तुरीचा जुना रोग आणि औषधाची हद्द

श्रोते हो, आजचा विषय राजेरजवाड्यांच्या लढायांचा नाही, तरी तो इतिहासाचाच आहे. लढाई यातही आहे. एका बाजूस साध्या डोळ्यांना न दिसणारी बुरशी, दुसऱ्या बाजूस शेतकरी, आणि दोघांच्या मध्ये आपल्या रोजच्या वरणाची तूर. या रोगाला आपण मर म्हणतो. गेल्या सव्वाशे वर्षांत शास्त्रज्ञांनी या रोगाचा पाठलाग कसा केला, त्यात औषधे कुठे कामास आली आणि कुठे हरली, हे समजून घेतले तर दुकानात जाऊन पैसे मोजण्यापूर्वी आपल्याला चार गोष्टी विचारता येतील. तेवढ्यासाठी हे भाषण.

आमचा वरूडचा मुलूख सातपुड्याच्या पायथ्याशी, वर्धा नदीच्या खोऱ्यात वसलेला आहे. बाहेरचे लोक त्याला संत्र्यांचा मुलूख म्हणून ओळखतात आणि ते खरेही आहे. पण ज्याच्याकडे पाच एकर बाग आहे त्याच्याकडेही दोन एकर कोरडवाहू असते, आणि कोरडवाहू म्हटले की कपाशीच्या ओळींमध्ये तुरीची ओळ आलीच. बाग लहान असेपर्यंत झाडांमधल्या पट्ट्यात मूग, उडीद, हरभरा घेणारेही पुष्कळ. म्हणजे फळबागेचा मालक तो डाळीचाही शेतकरी असतो.

आता हा शेतकरी कार्तिकात तूर पाहायला जातो. फुले लागलेली, कुठे शेंगा धरलेल्या. चार दिवसांपूर्वी हिरवीगार असलेली झाडे मध्येच पिवळी पडून उभ्या उभ्या वाळलेली दिसतात. तो तसाच दुकान गाठतो आणि म्हणतो, "भाऊ, तूर वाळून राह्यली, काई औषध हाये का?" दुकानात औषध असतेच. तो फवारतो. आठ दिवसांनी आणखी पंचवीस झाडे वाळतात. मग तो म्हणतो, औषध बनावट होते. कधी ते बनावट असेलही. पण बहुतेक वेळा औषध खरेच असते. ते पोहोचायला हवे होते त्या जागी पोहोचलेले नसते.

याच शेतकऱ्याचा दुसरा अनुभव पाहा. संत्र्याच्या बुंध्यातून डिंक गळू लागला, साल कुजू लागली, तर तो मोरचूद आणि चुन्याची पेस्ट करून बुंध्याला लावतो, आणि ती लागू पडते. तेव्हा त्याच्या मनात साहजिकच येते की, संत्र्याला लागू पडणारे औषध तुरीला काहून लागू पडत नाही? हा प्रश्न अगदी योग्य आहे. उत्तरासाठी आपल्याला थोडे मागे, आणि बरेच दूर जावे लागेल.

फ्रान्स देशात बोर्दो नावाचे शहर आहे. त्याच्या आसपास द्राक्षांचे मळे आहेत. १८७८ च्या सुमारास तिथल्या वेलींवर अमेरिकेतून आलेला एक नवा रोग दिसू लागला. आपले नाशिककडील बागाईतदार ज्याला केवडा म्हणतात तोच हा. पाने तपकिरी होऊन गळत आणि मळेच्या मळे उघडे पडत. १८८२ च्या शरद ऋतूत पिएर मिलार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मेडॉक भागातून जात होते. सारा मळा पानगळीने उजाड झालेला, पण रस्त्याच्या कडेच्या वेली मात्र हिरव्या. चौकशी केली तेव्हा कळले की येणारेजाणारे द्राक्षे तोडून खातात म्हणून मालकाने रस्त्यालगतच्या वेलींवर मोरचूद आणि चुना कालवून शिंपडला होता. निळे डाग पाहून चोराला वाटावे, हे विषारी आहे! चोरासाठी केलेली युक्ती रोगाला लागू पडली. मिलार्दे यांनी त्यावर प्रयोग केले आणि १८८५ साली कृती प्रसिद्ध केली. त्या शहराच्या नावाने आजही आपण त्याला बोर्डो मिश्रण म्हणतो.

या मिश्रणाचे काम कसे चालते? केवड्याच्या बुरशीचे बीज पानावर पडते, पानावरच्या दवाच्या थेंबात रुजते आणि मग आत शिरते. पानावर तांब्याचा पातळ थर आधीच बसलेला असेल तर ते बीज रुजतानाच मरते. म्हणजे हे औषध पहारेकरी आहे. चोर दारात असताना तो अडवतो. चोर घरात शिरल्यावर पहारेकरी बाहेर उभा असून उपयोग नाही.

संत्र्याच्या डिंक्या रोगातही हेच घडते. फायटोफ्थोरा नावाची ही बुरशीसारखी जात ओल्या मातीत राहते आणि पावसाच्या उडणाऱ्या शिंतोड्यांबरोबर, वाफ्यात साचलेल्या पाण्याबरोबर बुंध्याच्या सालीवर येते. साल म्हणजे दार. म्हणून एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी यांची पेस्ट पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा बुंध्याला लावली म्हणजे पहारा बसतो. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात भिजवायचा, लोखंडी बादलीत नव्हे. मिश्रण तयार झाल्यावर त्यात लोखंडी सुरी किंवा खिळा थोडा वेळ बुडवून पाहायचा. त्यावर तांबूस लेप चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी घालायचा. ही जुनी परीक्षा वरूडच्या बागाईतदारांच्या अंगवळणी पडलेली आहे. पण पाणी बुंध्याशी साचत ठेवून नुसती पेस्ट लावली तर तीही हरते, हेही त्यांना ठाऊक आहे.

आता दुसरा मुक्काम पाहू, बियाण्याचा. ज्वारीच्या कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरलेली आपण पाहिली असेल. ती काणी. खळ्यावर मळणी होताना काणीची काळी भुकटी चांगल्या दाण्यांना चिकटते. पुढल्या वर्षी दाण्याबरोबर तीही जमिनीत जाते, कोंबाबरोबर रुजते, झाडात गुपचूप वाढते आणि कणीस आले की दाणा खाऊन स्वतः तिथे बसते. युरोपात गव्हावर असाच एक रोग होता. काळ्या भुकटीचा एकेक कण म्हणजे बुरशीचे बीजच आहे आणि तांब्याच्या अगदी थोड्या अंशाने ते रुजायचे थांबते, हे बेनेदिक्त प्रेव्हो या गृहस्थांनी १८०७ सालीच दाखवले होते. त्या काळी विद्वानांना ते पटले नाही. रोग आधी होतो आणि बुरशी मागाहून उगवते, असे तेव्हा मानत. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याच्या करप्याने दुष्काळ पडला आणि सुमारे दहा लाख माणसे गेली, तेव्हासुद्धा हाच वाद चालू होता. बुरशी हेच रोगाचे कारण, हे जर्मन शास्त्रज्ञ दे बारी यांनी १८६० नंतरच्या काही वर्षांत प्रयोगाने सिद्ध केले.

आपल्याकडे ज्वारीच्या काणीचा पद्धतशीर अभ्यास पुण्यास जी. एस. कुलकर्णी यांनी केला. मुंबई इलाख्यातील ज्वारीच्या काणीवरील त्यांची पुस्तिका १९१८ साली निघाली. बियाणे मोरचुदाच्या पाण्यातून काढायचे, ही आधीची रीत होती. पुढे गंधकाची बारीक भुकटी बियाण्याला चोळण्याची रीत आली. ना भिजवणे, ना वाळवणे. मडक्यात दाणे आणि गंधक घालून हलवले की काम झाले. आजही एक किलो ज्वारीस चार ग्रॅम गंधक पुरते. रोगाचा सारा मुक्काम दाण्याच्या सालीवर असल्यामुळे चिमूटभर औषधाने शेतभर पीक वाचते. शेतीच्या इतिहासात इतके स्वस्त यश थोडेच सापडेल.

तिसरा मुक्काम पानाचा. मूग-उडदावर भुरी येते, पांढऱ्या पिठासारखी. ती पानाच्या वरच्या अंगानेच वाढते, म्हणून गंधकाची फवारणी वेळेवर झाली तर आटोक्यात येते.

साल, बियाणे, पान. या तिन्ही ठिकाणी औषध शत्रूला भेटू शकते. आता तुरीकडे वळू.

१९०१ साली एडविन जॉन बटलर नावाचे सत्तावीस वर्षांचे आयरिश गृहस्थ सरकारी बुरशीतज्ज्ञ म्हणून हिंदुस्थानात आले. बटाट्याच्या रोगाने ज्या देशाची वाताहत केली त्या देशात जन्मलेला हा माणूस. पुढे बिहारात पुसा येथे शेतकी संशोधन संस्था निघाली आणि बटलर तिथे काम करू लागले. तूर उभी वाळते हे शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. का वाळते हे माहीत नव्हते. बटलर यांनी १९०६ साली या रोगावर पहिला लेख लिहिला आणि १९१० साली सविस्तर प्रबंध प्रसिद्ध करून त्या बुरशीला फ्युजेरियम उडम हे नाव दिले. त्यांचे 'फंजाय अँड डिसीज इन प्लँट्स' हे १९१८ चे जाडजूड पुस्तक भारतातील पीकरोगशास्त्राचा पाया समजले जाते.

बटलर यांनी दाखवले ते असे. ही बुरशी जमिनीत राहते. तुरीच्या बारीक मुळांतून ती आत शिरते आणि मुळाकडून वर पाणी नेणाऱ्या नळ्यांत वाढत जाते. नळ्या तुंबतात. जमिनीत ओल असूनही झाड तहानेने मरते. म्हणून वरून पाहणाऱ्याला वाटते, पाणी कमी पडले. आपल्याकडे आणखी एक समजूत आहे, ती धुवारीची. धुवारीने तुरीची फुले गळतात हे खरे. पण धुवारीचा परिणाम साऱ्या शेतावर दिसतो. मर मात्र चट्ट्याचट्ट्यांनी येते. आज इथे चार झाडे, पुढल्या वर्षी त्याच जागी खाटेएवढा, मग खळ्याएवढा चट्टा. झाड जमिनीलगत पाहिले तर बुडापासून वर चढत गेलेला जांभळट तपकिरी पट्टा दिसतो. साल सोलून खोड उभे चिरले तर आत काळ्या रेघा दिसतात. कधी झाडाची एकच बाजू वाळते आणि दुसरी हिरवी राहते, कारण त्या बाजूच्याच नळ्या तुंबलेल्या असतात. एवढी ओळख पटली म्हणजे मर नक्की झाली.

नुकसान किती होते? हैदराबादजवळ पटांचेरू येथे १९७२ साली इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था निघाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९८१ साली याचा हिशेब मांडला. शेंगा धरण्यापूर्वी मर आली तर त्या झाडाचे उत्पन्न पुरते जाते. शेंगा पक्व होताना आली तर सुमारे दोनतृतीयांश जाते. अगदी काढणीच्या तोंडावर आली तरी तीस टक्क्यांच्या घरात नुकसान होते. आणि हे सारे पेरणी, निंदण, डवरणी, मजुरी असा खर्च होऊन गेल्यावर. कर्ज काढून पेरलेल्या शेतात मर येते तेव्हा ती केवळ झाडाला येत नाही.

मग औषध का चालत नाही? दोन साधे हिशेब करू. गुरुजनांनी हवे तर ते वर्गात फळ्यावर मांडावेत. एक एकर म्हणजे सुमारे चार हजार चौरस मीटर. त्यातला वरचा केवळ पंधरा सेंटिमीटरचा थर धरला तरी सहाशे घनमीटर माती झाली. तिचे वजन आठ लाख किलोच्या आसपास भरते. तुरीचे मूळ तर याहून कितीतरी खोल जाते. आता एकरी दोनशे लिटर फवाऱ्यातले दोन-चारशे ग्रॅम औषध या आठ लाख किलो मातीत कुठे पुरणार? पानावर पडलेले औषध तर मुळापर्यंत जातच नाही.

दुसरा हिशेब काळाचा. १९६६ ते १९७० च्या सुमारास औषधांच्या जगात मोठा पालट झाला. तोपर्यंतची औषधे बाहेर पहारा करणारी होती. आता कार्बॉक्सिन, बेनोमिल आणि पुढे कार्बेन्डाझिम अशी झाडाच्या अंगात भिनणारी औषधे आली. काचेच्या बशीत फ्युजेरियमवर कार्बेन्डाझिम टाकले तर बुरशी वाढत नाही. मग सर्वांना वाटले, आता मर संपली. पण बियाण्याला लावलेले दोन-तीन ग्रॅम औषध रोपाला पहिले काही आठवडे साथ देते. झाड वाढते तसे ते विरळ होत जाते आणि विरून जाते. तूर मृगात पेरली की पाच-सहा महिने शेतात उभी असते आणि मर आपला खरा हिसका फुलाशेंगांच्या वेळी दाखवते. शिवाय ही औषधे खालून वर, म्हणजे मुळाकडून शेंड्याकडे जातात. शेंड्यावर फवारलेले औषध मुळाकडे उतरत नाही. आणि वाळू लागलेल्या झाडाच्या तुंबलेल्या नळ्या कोणतेच औषध मोकळ्या करीत नाही. म्हणून फुलोऱ्यातील तूर वाळताना पाहून घेतलेले महागडे बुरशीनाशक म्हणजे बहुधा मेलेल्या जनावरासाठी आणलेला चारा.

औषध हरले म्हणून शास्त्र हरले काय? मुळीच नाही. इथून पुढचा इतिहास मला अधिक मोलाचा वाटतो.

पहिली गोष्ट आपल्याच शेतातली. वऱ्हाडात जुन्या काळी ज्वारी आणि तूर एका शेतात सोबतीने पेरीत असत. त्यात मुगाचेही दाणे असत. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण आणि गुरांना कडबा, अशी त्यामागची सोय. बटलर यांच्या काळापासून अभ्यासकांच्या ध्यानात येऊ लागले की, ज्वारीच्या संगतीने वाढलेली तूर नुसत्या तुरीपेक्षा मरीला कमी बळी पडते. पुढे इक्रिसॅटच्या शेतांवर मुद्दाम प्रयोग करून हे मोजले गेले. वर्षानुवर्षे तुरीमागे तूर घेतलेल्या रानात मर वाढत गेली. मध्ये एक वर्ष ज्वारी घेतली किंवा रान पडीत ठेवले तर ती बरीच उतरली. ज्वारी-तूर मिश्र घेतली तरी कमी झाली. ज्वारीच्या मुळांतून पाझरणारी द्रव्ये या बुरशीला मानवत नसावीत, असे शास्त्रज्ञ म्हणतात. शिवाय तुरीचे एक मूळ आणि दुसरे मूळ यांच्यात ज्वारीची भिंत उभी राहते, ती वेगळीच. आपल्या पणजोबांना फ्युजेरियम हे नाव ठाऊक नव्हते. पण त्यांच्या पेरणीत त्याचा उतारा होता.

दुसरी गोष्ट वाणांची. साऱ्या शेतात मर आलेली असताना एखादे झाड हिरवेगार उभे असते, हे आपण पाहिलेले आहे. ते झाड नशिबाने वाचले, की त्याच्या अंगातच काही गुण आहे? हे ठरवायचे कसे? इक्रिसॅटमधील डॉ. यशवंत लक्ष्मण नेने आणि त्यांचे सहकारी यांनी यासाठी मुद्दाम रोगी शेत तयार केले. मर झालेल्या तुरीची धसकटे तुकडे करून त्याच जमिनीत गाडायची, त्यावर पुन्हा रोग घेणारी तूर पेरायची, असे करीत जमीन पुरती रोगट करायची. आपण ज्या शेताला रडतो तसे शेत त्यांनी हौसेने बनवले! मग त्यात ठिकठिकाणच्या तुरीच्या हजारो जाती पेरल्या. बहुतेक मेल्या. ज्या थोड्या उभ्या राहिल्या त्या पुन्हा पेरल्या. रोगालाच परीक्षक नेमले म्हणा ना.

या परीक्षेतून पुढे आलेला एक वाण म्हणजे मारुती. त्याचे मूळ बियाणे महाराष्ट्रातलेच होते. १९८६ साली तो कर्नाटकात प्रसारित झाला. १९९३ साली आशा हा वाण आला. विदर्भात ज्यांनी सी-११ ही तूर पेरली असेल त्यांनी ध्यानात ठेवावे की, आशाच्या आईबापांपैकी एक ही आपली सी-११ आहे. मराठवाड्यातील बदनापूरच्या संशोधन केंद्राने बीएसएमआर-७३६ हा वाण दिला. तो मर आणि वांझ या दोन्ही रोगांना दाद देत नाही. इकडे आपल्या वऱ्हाडात २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यास कृषी विद्यापीठ निघाले. अमरावती जिल्ह्यातील पापळ गावी जन्मलेले आणि दहा वर्षे देशाचे कृषिमंत्री राहिलेले डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव त्याला दिलेले आहे. या विद्यापीठाचा जाकी-९२१८ हा हरभरा मरीला तोंड देतो म्हणून आज सर्वत्र पेरला जातो. इथे एक खुलासा करतो. हरभऱ्याची मर आणि तुरीची मर या बहिणी असल्या तरी एक नव्हेत. तुरीची बुरशी हरभरा मारीत नाही आणि हरभऱ्याची तूर मारीत नाही. म्हणून कोणत्या शेतात कशाची मर आहे, याची आठवण ठेवावी लागते.

पण वाण म्हणजे काही ताईत नव्हे. तुरीच्या फुलावर मधमाश्या येतात आणि शेजारच्या शेतातले पराग आणतात. म्हणून मर न होणाऱ्या वाणाचे घरचे बियाणे वर्षागणिक भेसळत जाते आणि चार वर्षांनी आपण म्हणतो, या वाणात आता दम राहिला नाही. दम वाणातून गेलेला नसतो, वाणच शेतातून गेलेला असतो. दर दोन-तीन वर्षांनी शुद्ध बियाणे आणावे. बुरशीतही निरनिराळ्या जाती आहेत. एका जिल्ह्यात टिकलेला वाण दुसरीकडे टिकेलच असे नाही. म्हणून आपल्या भागासाठी विद्यापीठाने किंवा कृषी विज्ञान केंद्राने शिफारस केलेला वाणच घ्यावा.

आता कुणी विचारील, मग बियाण्याला औषध लावूच नये काय? जरूर लावावे. फक्त त्याच्याकडून त्याच्या आवाक्यातलेच काम मागावे. पेरणीनंतरच्या पहिल्या दिवसांत ओल्या जमिनीत दाणा कुजतो, रोप कोलमडते. ते या औषधाने वाचते. बियाण्यावर बसून येणारा रोगही अडतो. थायरम १९३० नंतरच्या दशकातले. ते अशा कामासाठीच वापरात आले. किलोला किती ग्रॅम हे पुडीवर लिहिलेले असते, तेवढेच घ्यावे. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक लावायचे असल्यास ते, आणि सर्वांत शेवटी रायझोबियमसारखे जिवाणू खत, हा क्रम चुकवू नये.

दुसरी वाट मित्रबुरशीची. ट्रायकोडर्मा नावाची हिरवी बुरशी दुसऱ्या बुरशीला विळखा घालून खाते, हे रिचर्ड वाइन्डलिंग यांनी १९३२ साली दाखवले. आज ती भुकटीच्या रूपाने मिळते. बियाण्याला लावता येते, मुरलेल्या शेणखतात मिसळून जमिनीत टाकता येते. ती जिवंत असल्यामुळे औषधासारखी विरून न जाता मुळाभोवती वाढते. मात्र कार्बेन्डाझिम आणि ट्रायकोडर्मा एकाच बियाण्याला लावू नयेत. कार्बेन्डाझिमने मित्रही मरतो. आणि कोरड्या, खत न घातलेल्या जमिनीत या मित्राकडून मोठ्या अपेक्षा करू नयेत.

औषध लावलेल्या बियाण्याविषयी एक कडू आठवण इतिहासात आहे, ती सांगणे भाग आहे. १९७१ साली इराक देशात दुष्काळानंतर परदेशातून पेरणीसाठी गहू आणि बार्ली आणली गेली. तिला पाऱ्याचे औषध लावलेले होते आणि ओळखू यावे म्हणून रंगही दिला होता. पोत्यांवरच्या सूचना शेतकऱ्यांना न कळणाऱ्या भाषेत होत्या. काहींनी रंग धुऊन टाकला आणि विष गेले असे समजून त्याच्या भाकरी केल्या. सरकारी नोंदीप्रमाणे सहा हजार पाचशे तीस माणसे रुग्णालयात दाखल झाली आणि चारशे एकोणसाठ दगावली. ॲग्रोसनसारखी पाऱ्याची बियाणे-औषधे एके काळी आपल्याकडेही वापरात होती. आज दुसरी औषधे आहेत, पण नियम तोच. औषध लावलेले उरलेले बियाणे दळायचे नाही, शिजवायचे नाही, कोंबड्यांना घालायचे नाही. घरातल्या बाईमाणसांना हे आधी सांगितले पाहिजे, कारण उरलेल्या दाण्याची काळजी त्याच करतात. बियाणे चोळताना हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत.

आता आजच्याविषयी थोडे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत वऱ्हाडातली ज्वारी पुष्कळ ओसरली. सोयाबीन आले. ज्वारीला भाव नाही, राखणीला माणूस नाही, रानडुकरे आणि पाखरे राहू देत नाहीत. शेतकऱ्याने ती सोडली यात त्याचा दोष नाही. पण ज्वारी गेली तेव्हा तिच्याबरोबर तुरीची राखणही गेली, ही गोष्ट कुणी जमाखर्चात धरली नाही. तसेच धसकटांचे. पूर्वी तूर निघाली की तुराट्या घराच्या कुडाला जात आणि धसकटे वेचून चुलीला जात. रोग ज्यात घर करून राहतो तेच लाकूड शेताबाहेर जाई. आता चूल गेली हे बरेच झाले, बायकांच्या डोळ्यांचा धूर गेला. पण धसकटे रोटाव्हेटरखाली बारीक होऊन शेतातच मिसळतात. निरोगी शेतात त्याचे खत होते. मर लागलेल्या शेतात मात्र ते पुढल्या वर्षीचे विरजण ठरते. पटांचेरूच्या शास्त्रज्ञांनी रोगट शेत कसे तयार केले ते आठवा. आपण नकळत तेच करीत आहोत.

म्हणून मर आलेल्या शेताचा कार्यक्रम साधा आहे. या वर्षी वाळलेली झाडे मुळासकट उपटून बांधाबाहेर नेऊन जाळावीत. उन्हाळ्यात खोल नांगरट करून जमीन तापू द्यावी. त्या शेतात निदान तीन वर्षे तूर घेऊ नये, आणि त्यातले एखादे वर्ष तरी ज्वारीला द्यावे. निदान चट्टे असलेल्या भागात तरी. नंतर तूर घ्याल तेव्हा मर न होणाऱ्या वाणाचे शुद्ध बियाणे घ्यावे, त्याला ट्रायकोडर्मा लावावा, पाणी साचणार नाही अशी सरी काढावी, आणि जमल्यास तुरीबरोबर ज्वारीच्या ओळी ठेवाव्यात. यात दुकानातून आणायचे फारच थोडे आहे. कदाचित म्हणूनच याचा बोभाटा कमी होतो.

गुरुजनांस एक विनंती. पौष महिन्यात आपल्या गावच्या शेतातून मर झालेले एक झाड आणि एक निरोगी झाड शाळेत आणावे. मुलांकडून दोन्ही खोडे उभी चिरून घ्यावीत. एका खोडातल्या काळ्या रेघा मुलांनी आपल्या डोळ्यांनी पाहिल्या की झाडाच्या नळ्यांचा धडाही त्यांना कळेल आणि ती घरी जाऊन बापाला सांगतील, बाबा, याला फवारू नका. बापाचे पैसे वाचतील. बटलर यांना जे कळायला सूक्ष्मदर्शक लागला, ते आज चौथीच्या मुलाला विळ्याने दाखवता येते.

शेतकरी बंधूंनो, रोग दिसला की दुकानी जाण्याआधी एवढेच पाहावे. हा रोग पानावर आहे, सालीवर आहे, बियाण्यावर आहे, की जमिनीत आहे? पानावर असेल तर फवारा. सालीवर असेल तर पेस्ट लावा. बियाण्यावर असेल तर पेरणीपूर्वी बियाणे चोळा. जमिनीत असेल तर पिशवी बाजूला ठेवून पुढच्या तीन वर्षांच्या पेरणीचा विचार घरच्यांशी बसून करा.